दुसरी गाडी वजनावर घ्यावी

देऊळघाटात मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान थाटलं तरी धंदा दुकानात बसून होत नाही. मोटार जळते ती विहिरीवर, स्टार्टर चिकटतो तो वावरातल्या खांबाशी, फूटव्हॉल्व्ह पाणी सोडतो तो पाच पुरुष खाली. निरोप आला की पान्यांची पिशवी, क्लॅम्प मीटर आणि केबलचं वेटोळं घेऊन तिथंच जावं लागतं, आणि रिवाइंडिंगला मोटार आणायची असेल तर तीही बहुतेक वेळा गाडीवरच येते. आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांकडे पहिली गाडी मोठी असते, बुलेट नाहीतर दीडशे-दोनशे सीसीची. चार पैसे सुटले, हाताखाली माणूस ठेवला, की दुसरी गाडी घ्यायची वेळ येते. त्या वेळी चौकशी होते ती सीसीची, पिकअपची आणि महिन्याच्या हप्त्याची. माझं म्हणणं असं की दुसऱ्या गाडीचा पहिला आकडा वजनाचा बघावा. ती पहिलीपेक्षा जरा नव्हे, चांगली ठळक हलकी असावी. इंजिन, एव्हरेज, किंमत यांचा विचार त्यानंतर करावा. घाटावरच्या काळ्या मातीत आणि घाटाखालच्या रस्त्यांवर कामाची गाडी वापरता वापरता हे मत पक्कं झालं आहे. त्याच्या विरोधात बोलण्यासारखंही बरंच आहे, ते पुढे घेतोच.

आधी आकडे. आजची बुलेट ३५० पेट्रोलसह १९५ किलोची आहे. स्प्लेंडर प्लस ११२ किलोची, प्लॅटिना १०० साधारण ११७ किलोची, आणि टीव्हीएस एक्सएल १०० तर नव्वदच्याही आत. बुलेट आणि स्प्लेंडर यांच्यातला फरक ८३ किलोंचा, म्हणजे मागच्या सीटवर एक धडधाकट माणूस कायमचा बसलेला. डांबरी रस्त्यावर गाडी एकदा वेगात आली की हा माणूस जाणवत नाही. उलट त्याच्यामुळे गाडी दबकून, स्थिर चालते. तो जाणवतो गाडी थांबल्यावर. धुऱ्यावर गाडी फिरवून घेताना, चढावर ढकलताना, चिखलातून ओढताना, डबल स्टँडवर चढवताना, आडवी झाल्यावर उचलताना. दुचाकीला रिव्हर्स गिअर नसतो, आणि शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर याची कुणाला आठवण होत नाही. दहा फुटांना एक फूट चढ असेल तर गाडी नुसती ढकलायला तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका जोर लागतो. बुलेटला साडेएकोणीस किलो, स्प्लेंडरला सव्वाअकरा. पायाखाली पक्की जमीन असेल तर तरणा माणूस दोन्ही ढकलेल. पण पाय घसरत असतील तर हा आठ किलोंचा फरकच ठरवतो, की गाडी एकट्यानं निघेल की शेजारच्या वावरातून कुणाला हाक मारावी लागेल.

आमच्या भागात पायाखालची जमीन वर्षातले निदान चार महिने पक्की नसते. बुलढाणा जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात, घाटावर आणि घाटाखाली. देऊळघाट घाटावर, अजिंठ्याच्या डोंगररांगेत, पैनगंगेच्या वरच्या अंगाला. डांबरी रस्ता सोडून पांदणीला लागलं की काळी माती सुरू होते. ही माती पावसात नुसती ओली होत नाही, ती चिकटते. शंभर-दीडशे पावलांत टायरवर तिचा थर चढतो, मग टायर आणि मडगार्ड यांच्यामधली फट भरते, आणि शेवटी पुढचं चाक फिरायचंच थांबतं. इंजिनात जोर कितीही असो, त्या क्षणी तो कामाचा नसतो, कारण मागचं चाक जागेवर गरगरतं आणि पुढचं नांगरासारखं घासत जातं. उतरायचं, पऱ्हाटीची काडी नाहीतर पाना घेऊन मडगार्डच्या आतली माती उकरायची, दहा पावलं गाडी हातानं रेटायची, पुन्हा उकरायची. एवढ्यासाठीच पुष्कळ शेतकरी पावसाळ्यापुरतं पुढचं मडगार्ड उचलून बसवतात किंवा काढूनच ठेवतात. या सगळ्या खटाटोपात गाडी चालवायची नसते, हाताळायची असते, आणि हाताळायला ११२ किलो हा माणसाच्या आवाक्यातला आकडा आहे. २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, आणि जिथं पांदण पक्की झाली तिथला त्रास संपला हेही खरं. पण पांदण वावराच्या तोंडापर्यंत जाते. तिथून विहिरीपर्यंतची पायवाट धुऱ्यावरूनच जाते, आणि ती कुठल्याच योजनेत बसत नाही.

कामाची वेळही लक्षात घ्यावी लागते. शेतीच्या फिडरला थ्री-फेज पुरवठा पाळीपाळीनं दिवसा आणि रात्री मिळतो. हरभरा, गहू ओलितावर असतो तेव्हा रात्रीच्या लाईनला मोटार बंद पडली, तर शेतकऱ्याची पाळी वाया जाते. मेकॅनिकला अंधारातच जावं लागतं. अशा वेळी गाडी चालू न होणं म्हणजे अर्धी रात्र तिथंच अडकणं. नव्या बुलेटला किक नाही. बॅटरी बसली की गाडी ढकलून, गिअर टाकून चालू करावी लागते, आणि १९५ किलोची गाडी नांगरटीत ढकलून चालू होत नसते. शंभर सीसीच्या साध्या गाडीला किक असते, आणि ढकलायची वेळ आलीच तर एकटा माणूस तिला उतारापर्यंत नेऊ शकतो. पंक्चरचंही तेच. बाभळीचा काटा हलकी-जड गाडी बघून घुसत नाही. पण काढणं, ओढत रस्त्याला आणणं किंवा मालवाहू ऑटोत चढवणं यांत वजन आडवं येतं. दोन माणसं स्प्लेंडर उचलून ऑटोत ठेवतात. बुलेटला चार माणसं आणि एक फळी लागते.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप ओझ्याचा: कामाच्या गाडीवर माल वाहायचा, मग गाडी दणकट नको का? हा आक्षेप अर्धा खरा आहे. युरियाचं पोतं ४५ किलोचं, डीएपीचं ५० किलोचं. चालवणारा सत्तर किलोचा, मागे पासष्ट किलोचा मदतनीस आणि वीस किलोचं सामान धरलं तर १५५ किलो होतात. स्प्लेंडरवर हे ओझं गाडीच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त होतं, बुलेटवर कमी राहतं. म्हणून ओझं लादल्यावर हलक्या गाडीची चाल जास्त बदलते. मागचे शॉकअप बसतात, पुढचं चाक हलकं होतं, हँडल वळवळतं, ब्रेक लांब लागतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ओझं किती, यापेक्षा ते कुठं ठेवलं हे बघितलं पाहिजे. मागच्या कॅरियरवर, चाकाच्या आसापलीकडे बांधलेलं पोतं पुढचं चाक उचलतं. तेच ओझं सीटवर पुढे सरकवून किंवा दोन्ही बाजूंना खाली लटकवून बांधलं तर गाडी सरळ चालते. दूधवाले कॅन खाली, दोन्ही अंगांना सारखे लटकवतात ते त्यासाठीच. एक्सएलसारख्या गाडीत तर चालवणाऱ्याच्या पायांपुढेच मोकळी जागा असते, आणि गाडीचं वजन नव्वदच्या आत असून कंपनी तिच्या हेवी ड्यूटी मॉडेलला १३० किलोंची वहनक्षमता सांगते. म्हणजे गाडीचं स्वतःचं वजन आणि तिची ओझं पेलायची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जड गाडीतलं बरंचसं वजन मोठ्या इंजिनाचं, जाड लोखंडाचं आणि रूपाचं असतं. ते पोतं वाहायला मदत करत नाही. जे खरंच जड आहे, समजा पूर्ण मोटार-पंपाचा सेट आणि सोबत पाइप, ते कुठल्याच दुचाकीवर नेऊ नये. त्याला ऑटो सांगावा, आणि भाडं शेतकऱ्याला आधीच सांगून बिलात धरावं.

दुसरा आक्षेप घाटाचा. मोताळा, मलकापूरकडे उतरायचं तर राजूर घाट, खामगावकडे जायचं तर ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणारा बोथा घाट. सुट्या भागांसाठी घाटाखाली जाणं होतंच. हलकी गाडी दोन माणसं घेऊन हा चढ चढेल का? वर धरलेल्या १५५ किलोंसह हिशेब केला तर स्प्लेंडरला दर शंभर किलोंमागे जेमतेम तीन अश्वशक्ती मिळते, बुलेटला पावणेसहा. फरक जवळपास दुप्पट आहे, आणि चढावर तो स्पष्ट जाणवतो. स्प्लेंडर तिसऱ्या गिअरवर, वळणावर दुसऱ्यावर येते. पण चढत नाही असं होत नाही. आणि घाटात वेग ठरवतं कोण? वळण, समोरून येणारी एसटी, पुढे रांगणारा ट्रक. या तिघांपुढे वीस अश्वशक्तीची गाडीही बहुतेक वेळ मागेच थांबते. जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, पण त्याच्यावर दुचाकीला प्रवेशच नाही. म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्यात वेगवान रस्त्यावर बुलेट आणि एक्सएल यांची पत सारखीच. ज्याला आठवड्यातून अनेकदा मलकापूर-खामगाव करावं लागतं, त्याला मोठी गाडी लागेल हे मान्य. पण ती त्याच्याकडे आहेच. मी दुसऱ्या गाडीबद्दल बोलतो आहे, आणि पहिलीचं काम पहिलीलाच करू द्यावं, म्हणून दुसरी वेगळ्या कामाची घ्यावी असं म्हणतो.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि इथं मला माघार घ्यावी लागते. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक झालं. त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस पुरेशी धरली गेली. ओल्या डांबरी रस्त्यावर समोर अचानक जनावर आलं तर एबीएस आणि डिस्क ब्रेक असलेली गाडी ड्रम ब्रेकच्या गाडीपेक्षा भरवशाची, यात वाद नाही. मोठ्या रस्त्यावर ट्रक बाजूनं गेला की हलकी गाडी हवेनं हलतेही. म्हणून रात्री हमरस्त्यानं जायचं असेल तर मोठी गाडी काढावी, असाच नियम ठेवलेला बरा. पण सुरक्षेचा अर्थ ब्रेकपाशी संपत नाही. तीस-चाळीसच्या आतल्या वेगानं, खड्ड्यांतून, चिखलातून जाताना होणारी दुखापत बहुधा टकरीची नसते. गाडी अंगावर कलंडल्याची असते. पाय गाडीखाली सापडतो, सायलेन्सरनं पोटरी भाजते, तोल सावरताना गुडघा मुरगळतो. कलंडणारी ११२ किलोची गाडी मांडीनं रोखता येते, १९५ किलोची रोखायला गेलं की माणूसच तिच्याबरोबर जातो. आमच्या धंद्यात आठ दिवस पाय धरून बसणं म्हणजे ऐन ओलिताच्या दिवसांत गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाणं. हेल्मेट मात्र दोन्ही गाड्यांवर लागतं. गावातल्या गावात कशाला, या सबबीला कायद्यातही जागा नाही आणि अक्कलेतही नाही.

चौथा आक्षेप खर्चाचा: दोन गाड्या म्हणजे दोन विमे, दोन सर्व्हिसिंगा, दोन टायरजोड्या. त्यापेक्षा एकीवरच भागवावं. कागदावर हे पटतं. पण खर्च गाड्यांच्या संख्येवर थोडा आणि किलोमीटरवर जास्त होतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीचा १,३६६ रुपये. म्हणजे हलकी गाडी दारात उभी ठेवायचा कायदेशीर खर्च वर्षाला हजाराच्या आत. आता पेट्रोल धरा. महिन्याला हजार किलोमीटर कामाचं रनिंग असेल, आणि मोठी गाडी पस्तीसचा, लहान साठचा एव्हरेज देत असेल, तर महिन्याला बारा लिटर पेट्रोल वाचतं. शंभरावरच्या भावानं ते बाराशे रुपयांच्या पुढे जातं, म्हणजे वर्षाच्या विम्याचे पैसे पहिल्याच महिन्यात निघतात. शिवाय चिखलातल्या अर्ध्या क्लचवर मोठ्या गाडीच्या क्लच प्लेटा जळण्यापेक्षा लहान गाडीच्या जळालेल्या परवडतात; भाग स्वस्त, आणि कुठल्याही गावातला मेकॅनिक त्या बदलतो. जीएसटीचा मुद्दा मी यात आणत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या सगळ्याच दुचाकींवरचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याचा फायदा बुलेटलाही झाला. हिशेब माझ्या बाजूचा असला तरी त्यात नसलेला आकडा घुसवू नये.

यावर कुणी विचारील, मग जड गाडी विकूनच का टाकत नाही? काहींनी टाकावीही. पण लांबचा रस्ता, रात्रीचा हमरस्ता, दोघांचा प्रवास ही कामं मोठी गाडी निश्चितच चांगली करते. आणि दुसऱ्या गाडीचा एक वेगळा फायदा एका गाडीच्या घरात दिसत नाही: ती अनेकांची होते. पहिली गाडी एकाची असते. तिचा क्लच, तिचं वजन, तिची सीट एकाच्या सवयीची झालेली असते. दुसरी गाडी मदतनीस चालवतो, साठीतले वडील दूध घालायला नेतात, बायको बुलढाण्याला बँकेत जायला काढते. या सगळ्यांत जो सगळ्यात कमी ताकदीचा आहे, त्याला ती स्टँडवरून काढता आली पाहिजे. अनेक जण सीटची उंची बघतात, आणि बघावीही. पण स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर आणि बुलेटची ८०५, म्हणजे फरक दोन सेंटिमीटरांचा. वजनातला फरक ८३ किलोंचा. पाय टेकूनही गाडी आवरत नाही असं जे लोक म्हणतात, त्यांची अडचण उंचीची नसते. फक्त एक पथ्य: गाडी हलकी आहे म्हणून ती अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्याला पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

राहिला मानाचा प्रश्न, आणि तो आक्षेप म्हणून कुणी तोंडानं मांडत नसलं तरी सौदे तोच फिरवतो. बुलेटवाला मेकॅनिक एक्सएलवर आला की लोक म्हणतात, धंदा बसला वाटतं. याला उत्तर इतिहासातून देता येतं. होंडाची सुपर कब १९५८ साली जपानात निघाली ती छोट्या दुकानदारांसाठी. सोबा पोहोचवणाऱ्या पोराला एका हातात ताट धरून दुसऱ्या हातानं चालवता यावी म्हणून तिला हाताचा क्लचच दिला नाही. २०१७ पर्यंत अशा दहा कोटी गाड्या बनल्या. आपल्याकडे १९७२ साली किनेटिकची लूना आली, १९८० साली टीव्हीएस ५०, १९८५ साली हीरो होंडाची सीडी १००. गवळी, पोस्टमन, शिक्षक, विमा एजंट, पेपरवाले यांचे धंदे या हलक्या गाड्यांवर उभे राहिले. त्यांच्यापैकी कुणाची पत गाडीच्या वजनानं ठरली नाही. वेळेवर येतो की नाही, यानं ठरली. आमच्याही धंद्यात शेतकरी गाडी बघत नाही. पाणी कधी सुरू होतं ते बघतो.

हलकी म्हणजे किती हलकी, हा प्रश्न उरतोच. ज्याचं काम गावाच्या शिवारातच आहे त्यानं एक्सएलसारखी गाडी घ्यावी. त्याला चार्जिंगची सोय घरी असेल तर फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवर परत आलेली ई-लूनाही बघावी. ती साधारण ९६ किलोची, ताशी ५० किलोमीटरची आहे. पण ज्याला पाच-दहा गावं करायची आहेत आणि अधूनमधून घाटही उतरायचा आहे, त्याला एक्सएलची चार लिटरची टाकी, सोळा इंची चाकं आणि एकच गिअर अपुरे पडतात. माझ्या कामाला म्हणून शंभर सीसीची, अठरा इंची चाकांची, किकवाली, ११० ते १२० किलोंमधली गाडी योग्य ठरते. १२५ सीसीच्या गाड्या मोह पाडतात. पण तिथं वजन आणि किंमत दोन्ही वर सरकतात, आणि एकदा तिथवर गेलं की विक्रेता दीडशेकडे नेतोच.

गाडी घ्यायला जाणाऱ्याला एवढंच सांगेन की ट्रायल रस्त्यावर घेण्याआधी जमिनीवर घ्या. इंजिन बंद ठेवून ती चढावर वीस पावलं ढकला, मग उलटी ओढून आणा. डबल स्टँडवर चढवा आणि उतरवा. चिंचोळ्या जागेत पुढे-मागे करून तोंड फिरवा. घरातलं आणखी कोण ती चालवणार असेल तर त्यालाही हेच करायला लावा, आणि त्याला जमलं तरच पुढच्या गोष्टींना हात घाला. सीसी आणि एव्हरेज विक्रेता न विचारता सांगेल. वजन मात्र तुम्हालाच विचारावं लागेल.